तीन गेजांचे जंक्शन

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जयसिंगपूरहून मिरजेला जाणारा माणूस आज रुळांकडे बघत नाही. गाडीत बसायचे, कृष्णेचा पूल ओलांडायचा, उतरायचे. पण ऐंशीच्या दशकातले मिरज जंक्शन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिथली गंमत आठवत असेल. एकाच स्टेशनात तीन रुंदीचे रूळ होते. पुण्याकडून येऊन कोल्हापूरकडे जाणारा साडेपाच फुटी ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा अवघा अडीच फुटांचा नॅरोगेज. भारतीय रेल्वेचे तिन्ही प्रकार या प्लॅटफॉर्मवरून त्या प्लॅटफॉर्मवर चालत जाऊन बघता येत. मुलांना त्याची मौज वाटे. हमालांना वाटत नसावी. पंढरपूरच्या बाजूने आलेले पोते पुढे कोल्हापूरला जायचे असेल, तर ते पाठीवर घेऊन एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पोते तेच, माल तोच. फक्त रूळ वेगळे.

आज मला बोलायचे आहे ते संगणकांच्या जाळ्याबद्दल. दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे आणि ते बोलणे घडवून आणणारे प्रोग्राम कसे लिहावेत, याचा एकच सर्वमान्य नियम ठरवायला जगातल्या हुशार माणसांना पंचवीस वर्षे का लागली, हा विषय आहे. तो समजायला मिरजेच्या यार्डासारखी दुसरी शाळा नाही, म्हणून आधी रुळांची गोष्ट.

मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली ती साडेपाच फुटी रुळांवर. सतरा-अठरा वर्षांनी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांना खर्च परवडेना. रूळ अरुंद करावेत असे ठरले. किती अरुंद, यासाठी समिती नेमली. समितीतल्या बहुमताने सांगितले २ फूट ९ इंच, इंजिनिअर जॉन फाउलर म्हणाले ३ फूट ६ इंच. मेयोंनी मधला ३ फूट ३ इंचांचा आकडा घेतला, आणि हिंदुस्थानात लवकरच मीटरची मापे येणार आहेत असा समज असल्याने त्यात थोडी भर घालून बरोबर एक मीटर केला. मीटरची मापे प्रत्यक्षात आली ती १९५६ च्या कायद्यानंतर. तोवर सबंध देशभर हजारो मैल मीटरगेज पसरला होता आणि त्या आकड्यामागचे कारण कुणाच्या लक्षातही नव्हते.

सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-मिरज-लोंढा मार्ग मीटरगेज झाला. म्हणून कोल्हापूर दरबाराने १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर फाटा सुरू केला तोही मीटरगेजच. दुसरे काय करणार? पुढे शाहू महाराजांनी याच मार्गालगत वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. पेठ नामी वसली, पण इथला माल रेल्वेने मुंबईला निघाला की पुण्याला एकदा उतरे आणि पुन्हा चढे. तिकडे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांवर बांधली. स्वस्तात, नीटस आणि त्या काळच्या जाणकारांनी वाखाणलेली. १९२७ मध्ये ती मिरजेला येऊन पोचली. यातला कुणीही मूर्ख नव्हता. प्रत्येकाने आपापल्या गरजेपुरता योग्यच निर्णय घेतला होता. फक्त हे सारे निर्णय मिरजेत एकमेकांना भेटले.

रूळ एक करायला पुढे किती काळ लागला पाहा. कोल्हापूरपर्यंतचा ब्रॉडगेज सत्तरच्या दशकाच्या आरंभी आला, लोंढ्याकडचा नव्वदच्या दशकात ‘युनिगेज’ योजनेत, आणि मिरज-पंढरपूर तर २०१० च्या सुमारास. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटरची. नंतर पन्नास वाघिणी. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून आल्या होत्या. कॅल्थ्रॉपसाहेबांचा अडीच फुटी रूळ अजून असता तर त्या मिरजेतच उभ्या राहिल्या असत्या.

आता संगणकाकडे येऊ. सत्तरच्या दशकात संगणक-जोडणीची अवस्था अशीच होती. आयबीएमने १९७४ मध्ये आपल्या यंत्रांसाठी एक पद्धत काढली, डिजिटल इक्विपमेंटने पुढच्याच वर्षी दुसरी. एका कंपनीची यंत्रे आपसात बोलत, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचे तर मधे दुभाषी लागे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अर्पानेट या जाळ्यासाठी व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी एक सामायिक बोली तयार केली. तिचे पहिले टिपण १९७४ चे. तिलाच आपण आज टीसीपी-आयपी म्हणतो. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुनी पद्धत बंद करून ही सुरू केली. पण ते एका खात्याचे घरगुती जाळे. जगाने ते का मानावे?

जगासाठी नियम करण्याचे काम १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने हाती घेतले. सात थरांची एक सुंदर आखणी झाली. १९८४ मध्ये ती ओएसआय या नावाने प्रसिद्ध झाली. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते सात थर आजही परीक्षेत विचारतात. वरून पाहता सगळे आलबेल होते. जगभरचे तज्ज्ञ होते, सरकारांचा पाठिंबा होता, कंपन्याही हजर होत्या. आतली भांडणे मात्र मिटत नव्हती. सर्वांत मोठे भांडण होते टेलिफोनवाल्यांचे आणि संगणकवाल्यांचे.

टेलिफोन खात्यांचे म्हणणे असे, की आधी इकडून तिकडे एक वाट जोडून घ्यावी आणि मग बोलावे. आपला जुना ट्रंक कॉल होता तसे. लाइन आमची, त्यामुळे जबाबदारीही आमची आणि मीटरही आमचे. संगणकवाल्यांना हवे होते पोस्टकार्ड. मजकुराचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर पूर्ण पत्ता लिहा आणि पेटीत टाका. कुठले कार्ड कोणत्या वाटेने जाईल ते जाऊ द्या, पलीकडचा संगणक ती क्रमाने लावून घेईल आणि हरवलेले पुन्हा मागवील. दोन्ही विचारांत तथ्य होते. पण पहिल्यात अधिकार टेलिफोन खात्याकडे राहत होता आणि दुसऱ्यात टोकाच्या संगणकाकडे. म्हणजे हा वाद तंत्राच्या भाषेत चालला असला तरी मुळात तो गल्ला कुणाकडे, याचा होता.

समितीने काय केले? दोन्ही ठेवले. इतकेच नव्हे, माल पोचता करणाऱ्या थराचे पाच वेगवेगळे वर्ग केले, ज्याला जो सोयीचा असेल तो त्याने घ्यावा. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा मान राखण्यासाठी विधी वाढवत नेतात, तसलाच हा प्रकार. परिणाम असा, की दोन यंत्रे ओएसआयच्या नियमाने अगदी शुद्ध असूनही एकमेकांशी बोलू शकत नसत, कारण एकाने एक वर्ग घेतलेला असे आणि दुसऱ्याने दुसरा. याला मतैक्य म्हणावे का? माझ्या मते हा मतभेदच होता, छापून बांधणी केलेला.

या ओढाताणीत भारताने काय केले, ते आपल्याच मुंबईत घडले. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू केले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी अशा आठ ठिकाणांची ती जोडणी. जुहूच्या केंद्राचे प्रमुख होते डॉ. एस. रमणी. मुंबईतल्या मुंबईत, जुहू आणि पवई यांच्यात साध्या टेलिफोनवरून पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली. मग भाड्याच्या तारा आल्या, त्यांचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आज मोबाइलवर एक फोटो पाठवायचा तर त्या तारेला अर्धा तास सहज लागला असता. आणि त्या एवढ्याशा तारेवर अर्नेटने दोन बोली एकदम चालवल्या. टीसीपी-आयपी आणि ओएसआय, दोन्ही.

नंतरच्या काळात याची थट्टा झाली. मला ती रास्त वाटत नाही. त्या वेळी अमेरिकी सरकारनेही १९९० पासून खात्यांच्या खरेदीत ओएसआय बंधनकारक केले होते. युरोप तर त्याचाच पुरस्कर्ता होता. अशा वेळी गरीब देशाने दोन्ही दगडांवर पाय ठेवला तर तो शहाणपणाच म्हणायचा. चालू तेच राहिले जे लोकांनी वापरले. १९९५ पर्यंत अर्नेटवरची जवळपास सारी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली होती. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनेही आपली सक्ती सैल केली.

तर मग टीसीपी-आयपी जिंकले ते कशाच्या जोरावर? ते अधिक चांगले होते म्हणून, असे सांगण्याची पद्धत आहे. खरे कारण बरेच घरगुती आहे. ते चालू होते आणि ते फुकट मिळत होते. त्याचे नियम कुणालाही मागता येत, तर ओएसआयची कागदपत्रे विकत घ्यावी लागत. शिवाय कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाने १९८३ मध्ये युनिक्स या संगणक-प्रणालीची जी आवृत्ती काढली, तिच्यात टीसीपी-आयपी आयतेच घालून दिले होते. विद्यापीठांतून ती झपाट्याने पसरली. ज्या सरकारने पुढे ओएसआयची सक्ती केली, त्याच सरकारच्या संरक्षण खात्याने बर्कलीच्या या कामाला पैसे पुरवले होते. उजव्या हाताचे डाव्याला ठाऊक नसणे ही केवळ आपल्या सरकारी कचेऱ्यांची मक्तेदारी नाही.

इथून गोष्ट प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या टेबलावर येते. बोली ठरली तरी प्रोग्रामने ती वापरायची कशी? बर्कलीच्या मंडळींनी त्यासाठी ‘सॉकेट’ ही कल्पना काढली. आपल्या घरातल्या भिंतीवर पिन खुपसायचे सॉकेट असते. भिंतीमागची वायर कुठून येते, कोयनेची वीज की आणखी कुठली, हे आपण विचारत नाही. पिन बसली की झाले. तसेच प्रोग्रामरने सॉकेट मागायचे, त्याला पत्ता चिकटवायचा, समोरच्याला जोडायचे आणि लिहायला-वाचायला लागायचे. कल्पना सुटसुटीत होती. पण युनिक्सची मूळ मालक एटी अँड टी. तिने १९८६ मध्ये आपल्या आवृत्तीत वेगळीच जोडणी आणली, टीएलआय नावाची, ओएसआयच्या विचाराला जवळची. मग कंपन्यांच्या एका संघाने टीएलआय सुधारून एक्सटीआय काढले. आता एकच प्रोग्राम दोन्ही प्रकारच्या युनिक्सवर चालवायचा तर जोडणीचा भाग दोनदा लिहायचा. पोते तेच, माल तोच. मिरजेच्या हमालाच्या जागी आता खुर्चीत बसलेला इंजिनिअर होता, इतकाच फरक.

यावर तोडगा काढायला समिती बसली. अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेची ही समिती. तिनेही दोन्ही ठेवले! मसुद्यामागून मसुदे निघाले, नव्वदचे दशक संपत आले आणि त्यांचा नियम रीतसर संमत झाला तो २००० मध्ये. तोवर जगाने परस्पर निकाल लावला होता. याचा पुरावा म्हणून एका पुस्तकाचे मुखपृष्ठ पुरे. रिचर्ड स्टीव्हन्स यांचे ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ हे या विषयातले सर्वमान्य पुस्तक. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या खंडाच्या उपशीर्षकात सॉकेट आणि एक्सटीआय अशी दोन्ही नावे होती. स्टीव्हन्स १९९९ मध्ये वारले. त्यानंतर २००३ मध्ये इतरांनी तयार केलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर फक्त सॉकेट उरले.

विंडोजवरची स्थिती तर अधिकच बिकट होती. सुरुवातीला विंडोजमध्ये टीसीपी-आयपी नव्हतेच. ते वेगवेगळ्या कंपन्या विकत, आणि प्रत्येकीची जोडणी निराळी. एकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर चालत नसे. १९९१ मध्ये एका प्रदर्शनाच्या वेळी मार्टिन हॉल या गृहस्थाने यातल्या लोकांना एका खोलीत जमवले. त्यातून ‘विनसॉक’ हा सामायिक करार निघाला. जानेवारी १९९३ मध्ये त्याची वापरण्याजोगी आवृत्ती हाती आली. दीड-दोन वर्षांत काम फत्ते! हे का जमले? एक तर नमुना समोर होता, बर्कलीचा. दुसरे म्हणजे जमलेल्या प्रत्येकाचे गिऱ्हाईक वैतागलेले होते. भांडत बसण्यापेक्षा जुळवून घेण्यात फायदा आहे, हे सगळ्यांना एकाच वेळी दिसणे फार दुर्मिळ असते. अर्थात इथेही बर्कलीची हुबेहूब नक्कल झाली नाही. सॉकेट बंद करण्याच्या आज्ञेचे नावसुद्धा वेगळे ठेवले गेले. आपला हात लागल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

मोठी भांडणे समजण्यासारखी असतात. या क्षेत्रात अगदी बारीक गोष्टीवरून झालेले भांडणही आहे आणि ते आपल्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला चटकन कळेल. आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. कानडीत ‘इप्पत्तैदु’, आधी वीस, मग पाच. जयसिंगपूरच्या बाजारात दोन्ही भाषा कानावर पडतात आणि व्यवहार बिनबोभाट चालतो, कारण लिहिताना दोघेही २५ असेच लिहितात. संगणकांचे लिहिणेच दोन तऱ्हांचे होते. काही यंत्रे मोठी संख्या साठवताना तिचा वजनदार भाग आधी ठेवत, तर इंटेलच्या चिपा हलका भाग आधी ठेवत. एकाने पाठवलेला आकडा दुसऱ्याने वाचला की उलटापालट. डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने १९८० मध्ये यावर एक खुसखुशीत टिपण लिहिले आणि दोन्ही पक्षांना गलिव्हरच्या गोष्टीतल्या लोकांची नावे दिली. ते लोक अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून लढाया करत. कोहेन यांचे म्हणणे, कुठली बाजू घेता याला महत्त्व नाही, सगळ्यांनी एकच घ्या. जाळ्यापुरते ठरले की वजनदार भाग आधी. इंटेलच्या वंशातले प्रत्येक यंत्र तेव्हापासून आकडा बाहेर पाठवताना उलटा करते आणि आत घेताना पुन्हा सुलटा. कुरकुर न करता.

इतके सांगितल्यावर विजेत्याचेही दोष सांगायला हवेत. चालू असलेली गोष्ट जिंकते तेव्हा तिच्या चुकाही तिच्याबरोबर जिंकतात. आपल्या जयसिंगपुरात गल्ल्यांना नंबर आहेत. नवा माणूस नंबर विचारत घरी पोचतो. जाळ्यातही प्रत्येक संगणकाला नंबराचा पत्ता लागतो. सर्फ आणि सहकाऱ्यांनी हा पत्ता ३२ बिटांचा ठेवला, म्हणजे सुमारे ४३० कोटी पत्ते. प्रयोगापुरता घेतलेला तो आकडा होता, असे सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मेयोंच्या मीटरची आठवण होते की नाही? प्रयोग संपलाच नाही, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले पत्ते संपले. टंचाई येणार हे १९९२ मध्येच दिसले होते. तेव्हा इंटरनेटच्या धुरीणांनी ओएसआयमधली पत्त्याची पद्धत उचलावी असे सुचवले; तिच्यात पत्ता १६० बिटांपर्यंत जात होता. इंजिनिअर मंडळी खवळली. ज्यांच्याशी पंधरा वर्षे भांडलो त्यांचा माल घरात घ्यायचा? सूचना बारगळली. मला वाटते, त्या दिवशी तंत्रापेक्षा जुना राग वरचढ ठरला.

त्याऐवजी आयपीची नवी, १२८ बिटांच्या पत्त्याची सहावी आवृत्ती आली. तिची आखणी १९९५ पासून कागदावर आहे. जुन्या पत्त्यांच्या यंत्रांना ती परस्पर कळत नाही, म्हणून बर्कलीचे जुने सॉकेट वापरून लिहिलेले असंख्य प्रोग्राम पुन्हा उघडून दुरुस्त करावे लागले. ६ जून २०१२ रोजी जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी ती कायमची सुरू केली. भारतात २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि कोट्यवधी नव्या फोनांना पुरतील इतके जुने पत्ते शिल्लकच नव्हते, म्हणून आपल्याकडे नवी आवृत्ती अनेक श्रीमंत देशांपेक्षा वेगाने पसरली.

तरीही जुनी गेलेली नाही. जयसिंगपूर स्टेशनच्या बाकावर बसून कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहत कुणी मोबाइल चाळत असेल, तर त्याच्या हातातल्या यंत्रात बहुधा दोन्ही तऱ्हांची सोय असते. समोरचा संगणक नवी बोली जाणत असेल तर संदेश सरळ जातो. नसेल तर मोबाइल कंपनीच्या कुठल्याशा केंद्रात एक यंत्र त्या संदेशातला माल नव्या पत्त्याच्या डब्यातून काढते, जुन्या पत्त्याच्या डब्यात भरते आणि पुढे रवाना करते. दर क्षणाला, लाखो वेळा.